एकशे बारा ढापे

पिंपळडोह, ता. जुन्नर
२० सप्टेंबर १९९९

चि. संपत,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. राग आहे, तो आधी लिहिते.

आदेशच्या वर्षश्राद्धाला तू आला नाहीस. सख्खा मामा! वापीहून गाड्या सुटत नाहीत का? गेल्या वर्षी पोर गेलं आणि महिन्याभरात तू मंचरचं भंगाराचं दुकान मोडून तिकडे पळालास. तुझे दाजी म्हणतात, त्याला सोसलं नाही. मलाही तसंच वाटतं, म्हणून आजवर बोलले नाही. पण इथे कुणाला सोसत होतं? मी रोज अंगणवाडीत चाळीस पोरांना गाणी शिकवते आणि घरी येऊन नदीकडे पाठ करून बसते.

आता कामाचं. मी गावच्या पाणी समितीची अध्यक्ष झाले आहे. बायका म्हणाल्या, ठकूबाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच पुढं व्हा. सगळ्यांना वाटतं, पोराच्या दुःखातून बाई समाजकार्याला लागली. वाटू दे. तुला खरं सांगते, मला नदीचं काही पडलेलं नाही. मला हौशीराम पाहिजे.

चुलत दीर म्हणून याला मी वीस वर्षं ताटं वाढली. दिवाळीच्या सुमाराला बंधाऱ्याच्या खांबांमध्ये लोखंडी ढापे सोडून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून देवळामागे रचायचे, ही रीत तुलाही माहीत आहे. शहाण्णवच्या पावसाळ्यात देवळामागची ती रासच गेली. आळ कुणावर, तर शेजारी मेंढरं बसवलेल्या नवसू धनगरावर. त्याला हाकलून दिला. नवे ढापे सरकार देईल म्हणून गाव जो बसला तो अजून बसलाच आहे. पाणी अडेना, मीना नदी जानेवारीतच आटू लागली, आणि उघड्या पडलेल्या वाळूवर हौशीरामाने ट्रॅक्टर घातले. दोन-दोन पुरुष खोल खड्डे पाडले. मग गेल्या वर्षीच्या मे महिन्यात धरणाचं पाणी सुटलं, खड्डे गढूळ पाण्याखाली गेले, आणि माझं पोर म्हशी घेऊन नेहमीच्या उतारावर उतरलं. लहानपणापासून गुडघाभर पाण्याची जागा ती. पंचनाम्यात लिहिलंय, पाय घसरला.

ढापेसुद्धा हौशीरामानेच विकले असणार. वाळू उघडी पडून फायदा झाला तो त्याचाच ना? तू तेव्हा मंचरला त्याच धंद्यात होतास. माल कुणाच्या काट्यावर गेला, जुन्या लोकांना विचारून कळव. मला एक साक्षीदार दे, त्याला मी तुरुंग दाखवते. त्याचा ट्रॅक्टर नदीत गंजताना बघेन त्या दिवशी गोड खाईन, तोवर सोडलं आहे.

वाट बघते आहे, तुझी नव्हे, पत्राची.

आक्का

❖

वापी
१० ऑक्टोबर १९९९

ती. आक्कास,

संपतने पायांवर डोकं ठेवलं आहे असं समज.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वर्षश्राद्धाला यायला पाहिजे होतं. निघालोही होतो, पण नाशिकपर्यंत येऊन परत फिरलो. का ते विचारू नकोस. आदेशचा चेहरा समोर येतो आणि पाय उचलत नाहीत.

ढाप्यांचं म्हणशील तर आता काही हाती लागायचं नाही. या धंद्यात सकाळी आलेला माल संध्याकाळी भट्टीला जातो. तीन वर्षांपूर्वीचं लोखंड कुठे शोधणार? मंचरचे ते जुने लोकही आता पांगले. तू त्यात डोकं घालू नकोस. हौशीराम वाईट माणूस आहे, त्याच्या नादी लागू नकोस. दाजींची तब्येत सांभाळ.

पण पाणी अडवायचं तू मनावर घेतलंस, हे फार चांगलं केलंस. तू रागाने काहीही म्हण, हे नदीचंच काम आहे आणि ते पुण्याचं आहे. ढापे नसले तरी अडत नाही. रिकाम्या गोण्यांत वाळू भरून, त्या एकावर एक रचून बांध घालतात, तो एक हंगाम सहज टिकतो. माझ्याकडे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडून आहेत. नऊशे पाठवतोय, नारायणगावच्या ट्रान्सपोर्टवर उतरतील. आणखी लागल्या तर कळव, लागेल ते पाठवीन.

फक्त त्या ढाप्यांचा नाद सोड.

तुझा संपत

❖

पिंपळडोह
५ डिसेंबर १९९९

चि. संपत,

आज राग नाही. आज मी खुशीत आहे, आणि ही खुशी चांगल्या बाईला शोभणारी नाही, म्हणून फक्त तुला लिहिते.

तुझ्या गोण्या मिळाल्या. नारायणगावहून बैलगाडीने आणल्या. साळुबाई, बायडाबाई धरून सत्तावीस बायका जमल्या, पुरुष अकरा, त्यांतले चार बघायला आलेले. आता गोण्या भरायला वाळू पाहिजे. नदीत तर याने कातळ उघडा पाडलेला. मग मी म्हटलं, वाळू कुठे आहे ते सगळ्या गावाला दिसतंय की! हौशीरामाने काठावर डोंगराएवढा ढीग घालून ठेवला होता, पुण्याच्या गाड्यांसाठी. आम्ही त्याच्याच ढिगाला फावडी लावली.

बायडाबाई घाबरली. म्हणाली, "आवं, मालक यील की!"

मी म्हटलं, "येऊ दे. वाळू नदीची हाय, नदीतच चाललीय."

आला. जीपमधून उतरला तो शिव्या देतच. मी हातातली गोणी शिवायची थांबले नाही. तो म्हणाला, "वैनी, माजा ट्रॅक्टर खाली खड्ड्यात रुतलाय, रस्ता बंद करू नका. पाणी चढलं तर निघायचा न्हाई."

मी म्हटलं, "आदेशबी निघाला न्हाई भावजी."

संपत, सत्तावीस बायकांपैकी एकीचंही फावडं त्यानंतर हललं नाही. मग साळुबाईने पहिलं टोपलं उचललं आणि सगळ्या पुन्हा कामाला लागल्या. चार दिवसांत बांध उभा राहिला. पाचव्या दिवशी बांधामागे पाणी फुगायला लागलं. हौशीरामाने गडी लावले, दोर लावले, दुसरा ट्रॅक्टर आणून ओढला. चाकं गाळात रुतत गेली. आठव्या दिवशी सीटपर्यंत पाणी आलं. मी शिदोरी घेऊन काठावर बसले होते, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत. किती दिवसांनी नदीकडे तोंड करून जेवले! लोक म्हणतात, ठकूबाईला नदीची काय माया! मला कसली माया? मी पाणी अडवलं ते त्याला बुडवायला.

आता ट्रॅक्टरचं नुसतं धुरांडं वर दिसतं. घरी येऊन गूळ घेतला होता हातात. पण खाल्ला नाही. त्याचं कारण पुढे लिहिते.

काल हौशीराम एकटाच घरी आला. दारात उभा राहिला, आत बोलावलं नाही. म्हणाला, "वैनी, वाळू म्या काढली. पोराचं पाप माज्या डोक्यावर हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर ढापे म्या इकले न्हाईत. आदेशची आन घेऊन सांगतो. ते तुमी तुमच्या मानसांत इचारा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तोंडाने माझ्या पोराची शपथ! आमच्या माणसांत म्हणजे कुणात? तुझे दाजी तर देवळामागे तंबाखू खायलासुद्धा जात नाहीत. आळ घालायला कुणी उरलं नाही म्हणून आता आमच्याच घरावर आला, दुसरं काय!

आता तर मला तो साक्षीदार पाहिजेच. मंचरला कुणीतरी असेल रे. एक माणूस शोधायला किती लागतं?

आक्का

❖

वापी
३ जानेवारी २०००

ती. आक्कास,

नमस्कार. घाईत लिहितोय.

हौशीरामाचं काही ऐकू नकोस. बुडता माणूस वाटेल त्याचं नाव घेतो. तो आणखी काही बोलला का? कुणाचं नाव घेतलं का? दाजींपाशी बोलला का? उलट टपाली कळव.

मी एक ठरवलं आहे. गोण्यांचा बांध पहिल्या पुराला वाहून जाईल. बंधाऱ्याला ढापेच पाहिजेत. इथे माझ्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी एकशे बारा ढापे करून घेतो, जुन्याच मापाचे, चौदा गाळे आणि गाळ्याला आठ. पैशाचं नाव काढू नकोस. दिवाळीच्या आत पोचवतो. नवे ढापे आले की जुन्यांची चौकशी करायचं कारणच उरत नाही. गावाचं काम होईल, तुझंही मन शांत होईल.

आक्का, नदीला पाणी आलं, हौशीराम बुडाला, आता पुरे कर. गूळ खा.

तुझा संपत

❖

पिंपळडोह
१४ एप्रिल २०००

संपत,

तुझं पत्र गावात वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. सरपंच म्हणाले, भाऊ असावा तर असा. माझा ऊर भरून आला होता. तीन महिने मी ते पत्र देवघरात ठेवलं होतं.

यंदा एप्रिलमध्ये नदीला पाणी आहे. साळुबाईच्या विहिरीला दोन परस पाणी चढलं. खंड्या परत आलाय, ट्रॅक्टरच्या धुरांड्यावर बसून मासे धरतो. आणि पाणी आहे म्हणून चार वर्षांनी नवसूसुद्धा आला. वेशीबाहेरच थांबला, मेंढरांना पाणी पाजायची परवानगी मागत होता. माझ्याकडे!

तुला माहीत नाही, म्हणून सांगते. शहाण्णव साली देवळासमोर पंचांनी याचं पागोटं उतरवलं होतं. त्याची बायको बानूबाई पदर पसरत होती. तेव्हा मी गर्दीत होते. मी ढेकूळ उचलून मारलं होतं त्याला. खांद्याला लागलं. पोराला कडेवर... नाही, आदेश तेव्हा मोठा होता, शेजारी उभा होता. तो म्हणाला होता, "आई, मारू नको ना." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी वेशीवर गेले आणि नवसूचे पाय धरले. तो मागे सरला. म्हणाला, "वैनी, लई झालं. म्या तवाच सांगत व्हतो, टेंपो आला व्हता. संकष्टीला समदा गाव लेण्याद्रीला गेल्याला. भर दुपारी, पावसात. कुनी ऐकलं न्हाई माजं."

मी विचारलं, "कुणाचा टेंपो?"

"मला वाचाया कुठं येतंय? पर मागच्या फळीवर मोर व्हता. निळा मोर, अन् त्याला पिसारा एकाच अंगाला."

संपत, तो मोर मला माहीत आहे. आदेशच्या दहाव्या वाढदिवसाला तू नवा टेंपो घेतलास, त्यावर त्याचं नाव घातलंस, आणि मोर त्यालाच काढायला लावलास. अर्धा पिसारा काढून पोर कंटाळलं आणि खेळायला पळालं. तू हसत होतास, म्हणालास, राहू दे, असा मोर दुसऱ्या कुणाकडे नसेल. नाहीच आहे.

घरी येऊन तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. ढापे किती होते, हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. सरपंचांचं दप्तर उघडून बघितलं. एकशे बारा.

मला लांबलचक पत्र नको. एका शब्दात कळव. हो का नाही?

आक्का

❖

वापी
२ मे २०००

आक्का,

हो.

एका शब्दात लिहायला सांगितलंस, पण एका शब्दावर मला थांबता येत नाही.

दुकान नवं होतं. वरच्या व्यापाऱ्याला माल द्यायचा शब्द दिला होता आणि गोदाम रिकामं होतं. मी तुमच्याकडे येत होतो, तुम्ही सगळे लेण्याद्रीला गेलेले. घराला कुलूप, म्हणून देवळात जाऊन बसलो. मागे ती रास दिसली, गंजलेली, गवत वाढलेलं. मनात म्हटलं, सरकारी माल आहे, गेला की नवा येतो. सगळे तसंच म्हणतात ना? दोन महिन्यांत नवे ढापे येतील, कुणाचं काही नुकसान नाही. शपथेवर सांगतो, नदी आटेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही. टेंपोवर दोन हमाल होते, दोन खेपांत सगळे नेले. दुसऱ्या खेपेला हौशीराम रस्त्यात भेटला. त्याने बघितलं आणि नुसता हसला. तो का हसला, ते मला दोन वर्षांनी कळलं.

नवसूला मारलं ते मला कळलं होतं. तेव्हा बोललो असतो तर सगळं तिथेच थांबलं असतं. बोललो नाही.

आदेशला खड्ड्यातून वर काढला तो मी, आक्का. तुला आठवत नसेल, तू शुद्धीवर नव्हतीस. पाण्यात उतरलो तेव्हा पायाला तळ लागेना. जिथे मी त्याला पोहायला शिकवला, तिथे मलाच तळ लागेना. त्याच क्षणी समजलं की हा खड्डा एकट्या हौशीरामाने खणलेला नाही.

मला पोलिसांत दे. मी येतो, सांगशील तिथे सही करतो. फक्त दाजींना सांगू नकोस.

टेंपो विकलेला नाही. विकवला नाही.

संपत

❖

पिंपळडोह
८ ऑक्टोबर २०००

संपत,

पाच महिने लिहिलं नाही. पोलिसांत द्यायचा अर्ज लिहून ठेवला होता. दोनदा घेऊन नारायणगावच्या स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. तुला वाटेल, बहिणीचं काळीज. तसलं काही नाही. तुरुंगात तू चार महिने राहिला असतास आणि फिटलं म्हणून बाहेर आला असतास. मला ते फिटू द्यायचं नाही.

तुझं पत्र मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचलं. सगळं, पहिल्या शब्दापासून. तुझे दाजी पहिल्या रांगेत होते. ते उठून गेले आणि अजून माझ्याशी बोलत नाहीत. जिथे नवसूचं पागोटं उतरवलं होतं, तिथेच सरपंचांनी ते त्याच्या डोक्याला बांधलं. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं की ढेकूळ मी मारलं होतं. बानूबाईने नवसूच्या पागोट्याचा शेव सारखा केला आणि त्याला घेऊन मेंढरांकडे गेली. तिने मला माफ करावं असा माझा हक्कही नाही.

तुझे नवे ढापे परवा येऊन पडले. ड्रायव्हरबरोबर पाठवलेस, स्वतः आला नाहीस. चांगले जाड आहेत. मी आणि नवसूने मोजले, एकशे बारा भरले. देवळामागे रचले आहेत, आणि यंदा त्यांची राखण नवसूच करतो. गावानेच त्याला सांगितलं.

आता तुझी शिक्षा ऐक.

भाऊबीजेला यायचं. त्याच टेंपोने यायचं. नाव पुसायचं नाही, मोराचा पिसारा पुरा करायचा नाही. घरी यायचं नाही, सरळ बंधाऱ्यावर उतरायचं. सगळे ढापे तू स्वतःच्या हाताने सोडायचे, गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून. एक ढापा एकट्याला उचलवत नाही, म्हणून दुसऱ्या टोकाला हौशीराम धरेल. त्याला सांगून ठेवलं आहे. तो नाही म्हणाला नाही. ट्रॅक्टर गेला, ठेका गेला, आता गावाला तोंड दाखवायला त्याला तेवढीच जागा उरली आहे. तुम्ही दोघांनी मिळून केलं, दोघांनी मिळून निस्तरा.

आणि मे महिन्यात, आदेशच्या तिथीला, पुन्हा यायचं आणि तेच ढापे काढायचे. दर वर्षी, दोन वेळा. हात चालतील तोवर. आजारी पडलास तर खाटेवरून येशील. पहिल्या गाळ्याखालीच तो खड्डा आहे. गाळ भरला असला तरी तुला जागा बरोबर कळेल. मी काठावर बसलेली असेन, पण बोलणार नाही. तूही बोलायचं नाही. शेवटचा ढापा बसला की ओल्या कपड्यांनी परत जायचं.

लोक म्हणतात, यंदा नदी मे महिन्यापर्यंत पुरेल. पोरं पुन्हा पोहायला जातील. जाऊ देत. पाणी चांगलंच आहे, ते कुणाच्या रागाने अडलं हे त्याला थोडंच ठाऊक?

गोड मी अजून खाल्लेलं नाही. त्या दिवशी खाणार आहे. करंज्या करून घेते. पाट मांडीन, रांगोळी घालीन, निरांजन लावीन. हे सगळं काठावरच करणार आहे, वडाखाली, म्हणजे तुला पाण्यातून नीट दिसेल.

पाटावर नवसू बसेल.

ठकूबाई